घोड्यांचा फ्रीज

माझ्या भावाच्या घरी दोन फ्रीज होते. एक स्वयंपाकघरात, माणसांचा. दुसरा मागच्या बाल्कनीत, घोड्यांचा. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या फ्लॅटमध्ये नवा पाहुणा आला आणि गार पाण्यासाठी चुकून त्याने तो दुसरा उघडला, तर आत ना बाटली, ना भाजी. नुसते पत्र्याचे चपटे, गोल डबे. आणि मागून अण्णाचा आवाज यायचा, "हात नाही लावायचा हं! भडकतील."

भडकतील हे खरंच होतं. त्या डब्यांत शंभर वर्षांपूर्वीच्या एका सिनेमाची रिळं होती. अमेरिकेतला मूकपट, काऊबॉयवाला. घोडी, धूळ, बंदुका, आणि आवाज म्हणून काही नाही. त्या काळची फिल्म कसल्याशा स्फोटक द्रव्याची बनवत, उन्हात राहिली तर आपोआप पेट घेईल अशी. म्हणून फ्रीज. घरात कुणी 'रिळं' म्हणतच नसे, सगळे 'घोडी'च म्हणायचे. "घोडी बघून येतो," म्हणून अण्णा बाल्कनीत गेला की तासभर तिकडेच.

मी कुमुद, अण्णाची धाकटी बहीण. गुरुग्रामला मुलाकडे, सुधन्वाकडे, असते. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते. ते लोकांना माहीत आहे आणि मला त्याची लाज नाही. म्हणजे नव्हती.

अण्णाचं नाव कागदोपत्री अण्णासाहेबच. आम्ही बार्शीचे. लहानपणी गावाबाहेरच्या माळावर सिनेमाचा तंबू यायचा. नवीन पिक्चरची पेटी वेळेवर आली नाही तर तंबूवाला कुठलंतरी जुनं मुकं इंग्रजी चित्र लावायचा आणि पडद्याच्या कडेला एक माणूस उभा राहून त्याची मराठीत गोष्ट सांगायचा. तिकडचा फौजदार आमच्याकडे पाटील व्हायचा. पाटील घोड्यावर बसला की तंबूत शिट्ट्या! चित्र कुठलं, देश कुठला, कुणाला काय करायचंय? डोळे होते, तेवढं पुरे होतं. त्या तंबूत अण्णाला जे वेड लागलं ते लागलं.

पुढे तो दिल्लीला केंद्र सरकारच्या एका खात्यात चिकटला, तोही फिल्मच्याच विभागात. खताच्या, लसीच्या, धरणाच्या फिल्मा तपासायच्या, तुटलेल्या जोडायच्या. आयुष्यभर तेच. आणि मग ती पानिपतची वारी. वहिनीला खेस, म्हणजे तिकडच्या जाड सुती चादरी, आणि रजया घ्यायच्या होत्या म्हणून दोघं पानिपतला गेले. तिथल्या व्यापाऱ्याच्या वडिलांचा कधीकाळी फिरता सिनेमा होता. गोदामात खेसांच्या ढिगाखाली हे डबे निघाले. व्यापारी म्हणाला, ले जाओ बाबूजी, जगह घेरते हैं. अण्णा रजयांऐवजी डबे घेऊन परत आला आणि दारातच छाती काढून म्हणाला, "पानिपताहून जिंकून परत आलेला मराठी माणूस मीच पहिला!"

वहिनी काय कमी होती? डबे पेटतात हे कळल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं. अण्णा म्हणाला, "अगं, गार ठेवले तर काही होत नाही. विश्वास ठेव." वहिनी म्हणाली, "विश्वास गेला पानिपतच्या लढाईत." तरी दुसऱ्या महिन्यात तिनेच तो जुना फ्रीज कुणाकडून तरी मिळवून दिला. आता ती नाही. फ्रीज तिच्यानंतरही घरघरत राहिला.

गंमत अशी की तो सिनेमा आमच्यापैकी कुणीही कधी पडद्यावर पाहिला नाही. मशीनवर चढवला तर दिव्याच्या उष्णतेने पेटेल, म्हणून अण्णा ते कधीच करत नसे. टेबलावर दोन चक्र्या बसवल्या होत्या. एका हाताने रीळ सोडायचं, दुसऱ्याने गुंडाळायचं, मधे खिडकीचा उजेड. एकेक चौकट भिंगातून बघायची आणि पुढचं अण्णाने करून दाखवायचं. हा माणूस खुर्चीवर उलटा बसून दौडायचा! गुडघ्यांवर टाळ्या मारून टापांचा आवाज काढायचा. पाटील, दरोडेखोर, गाडीतली ती केस सुटलेली बाई, सगळे तोच. पहिलं रीळ गहाळ होतं, त्यामुळे सिनेमाचं नाव माहीत नाही, माणसांची नावं माहीत नाहीत. सगळी नावं अण्णाने ठेवलेली.

भिंगाला डोळा लावून बसायची ती त्याची मुलगी, उत्तरा. पाच-सहा वर्षांची असेल. अण्णा चौकट उजेडाकडे वळवून धरायचा आणि विचारायचा, "दिसतंय?" ती म्हणायची, "दिसतंय." मगच पुढची.

मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "काय रे त्या मारामाऱ्यांत बघतोस एवढं?" त्यावर त्याने मला बसवून घेतलं. म्हणाला, "गोष्ट खोटी आहे कुमे, धूळ खरी आहे." हे जे घोड्यावर बसलेत ना, म्हणाला, यांतले कितीतरी खरेच गुराखी होते. गुरं हाकायचं काम संपलं, कुरणांना तारा पडल्या, मग पोटासाठी सिनेमात शिरले. दोर कसा फेकतात, खोगीर कसं आवळतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ते जग मरत होतं आणि मरता मरता त्याचा फोटो निघाला. पुढच्या सिनेमांत सगळं छान झालं, स्टुडिओतलं झालं, आणि धूळ गेली.

आणि त्याने मला ती चौकट दाखवली. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा बसलाय. तिथला मूळचा माणूस, ज्यांची जमीन होती त्यांच्यातला. पुढे गोळीबार चाललाय, नट पळतायत, आणि हा सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. आपल्याकडे बघतोय. "याला कुणी सांगितलेलं नाही कसं बघायचं ते," अण्णा म्हणाला. "यांचीच जमीन लुटली आणि सिनेमात यांनाच लुटारू केलं. हलकटपणा आहे तो. पण हा एक म्हातारा त्यात राहून गेला बघ. मुक्या माणसाला खोटं बोलता येत नाही कुमे. तोंडाने खोटं बोलतात. चेहऱ्याने नाही जमत." खरं सांगते, त्या म्हाताऱ्याची नजर मला सहन झाली नाही. मी भिंग खाली ठेवलं.

उत्तरा दिल्लीत वाढली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींची खिचडी. शाळेतून आली की सांगायची, "आज आम्हाला खूप चांगली शिक्षा मिळाली." अण्णा हसून लोटपोट. "बरोबर आहे पोरी, दिल्लीच्या शाळेत शिक्षाच मिळते!" आम्ही सगळे हसायचो. शब्द तिकडचा, अर्थ इकडचा, हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद होता. पोरगी गुणाची, पण बार्शीचे शब्द तिला कुठून येणार? माझ्या मुलालाही येत नाहीत. मी 'सांडशी' म्हटलं की सुधन्वा माझ्याकडे असा बघतो की जणू मी शिवी दिली.

ती आणि तिचा नवरा जयेश, वहिनी गेल्यावर अण्णाकडेच राहायला आले. जयेश मानेसरला एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. सरळ माणूस. त्यांची मुलगी रुचिता बारावीत, सदान्कदा क्लासला. उत्तराची स्वतःची नोकरी, घर, आणि ऐंशी ओलांडलेला बाप. तिने अण्णाचं जितकं केलं तितकं कुणी करणार नाही, हे मी देवासमोरही सांगेन.

मागच्या हिवाळ्यात अण्णाने एक मोठी उडी मारली. जुन्या फिल्मा वाचवणारी एक छोटी संस्था आहे, तिथली अक्षया नावाची मुलगी घरी येऊन गेली. चौकटींचे फोटो घेऊन गेली, जगभर विचारपूस केली, आणि तिचा फोन आला की ही प्रत दुसरीकडे कुठेच सापडत नाही. असेल तर हीच. योग्य पेटी आणि परवानगी मिळाली की पुढच्या थंडीत येऊन नेऊ, नवीन फिल्मवर उतरवू, मग पडद्यावरही दाखवता येईल. मात्र तोवर सडायला नको. एक रीळ सडायला लागलं की शेजारच्यालाही सडवतं आणि पेटायचा धोका वाढतो. तसं झालं तर जाळण्यावाचून इलाज नाही.

अण्णाने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "कुमे, एक डबा जरा चिकट झालाय, तो मी वेगळा काढलाय. बाकीचे ठणठणीत आहेत. पुढच्या थंडीत पाटील पडद्यावर दौडणार बघ! तू पहिल्या रांगेत."

मी म्हटलं, "शिट्टी मारू का?"

"मार की."

मे महिन्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी तेव्हा नागपूरला होते, मयुराकडे. माझ्या लेकीचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, तिला सोडून निघता येईना. मी फोनवर रडायची आणि उत्तरा मलाच धीर द्यायची. घरी आणलंय, खातायत, ओळखतायत, काळजी करू नकोस आत्या. फक्त बोलता येत नाही, एखादा शब्द येतो कधी कधी.

मयुरा हिंडूफिरू लागल्यावर मी दिल्लीला परतले आणि आल्या आल्या आधी अण्णाकडे गेले. खाटेवर उशांना टेकून बसलेला. मला बघून डावा हात उचलला, तोंड वाकडं करून हसला. डोळे मात्र तेच होते. मी बराच वेळ त्याचा हात धरून बसले. मग चहा करायला स्वयंपाकघरात गेले. बाल्कनीचं दार उघडं होतं. बघते तर फ्रीजची जागा मोकळी, फरशीवर नुसता चौकोनी डाग.

"उत्तरा, फ्रीज कुठंय गं?"

"भंगारवाल्याला दिला." ती कणीक मळत होती, मान वर न करता बोलली. "आम्ही सगळे हॉस्पिटलमध्ये होतो ना, तेव्हा बंद पडला. कुणाला पताच नाही. परत आलो तर इतका घाण वास. शेजारी भांडायला आले, सोसायटीचा सेक्रेटरी आला. अक्षयाला फोन केला, तर ती बाहेरगावी होती. म्हणाली, डबे उघडू नका, वास म्हणजे एखादं तरी सडलंय. कुठलं चांगलं ते अण्णांनाच माहीत, त्यांना विचारा."

"मग?"

"मग विचारलं. अण्णा, घोड्यांचं काय करू? तर म्हणाले, राख."

माझा हात चहाच्या डब्यावर होता, तो तिथेच राहिला.

"मी म्हटलं, पक्का? सगळी? तर बाल्कनीकडे बोट करून परत, राख. राख, राख. डोळ्यांत पाणी होतं आत्या त्यांच्या. मला बिल्कुल धीर होत नव्हता. पण तेच नेहमी म्हणायचे ना, सडलं की जाळावं लागतं. एवढा एक शब्द येत होता त्यांना, तोही किती मुश्किलीने. मी कसं नाही म्हणणार? जयेशच्या कारखान्यात आग विझवायच्या सरावाचं मैदान आहे, तिथे सगळं नियमाने केलं. मी स्वतः गेले होते. दुसऱ्या कुणी करायला नको वाटलं."

बाई गं! आमची आई अंगणात पापड वाळत घालायची, ज्वारी वाळत घालायची, आणि आम्हा दोघांना शेजारी बसवून आत जायची. "अण्णा, राख रे. शेळी येईल." तासन् तास आम्ही राखत बसायचो. मी कंटाळून पळायची, तो उठायचा नाही. राख म्हणजे नजर ठेव, जप, कुणाला तोंड लावू देऊ नको. डोक्यातलं सगळं पुसून गेल्यावर त्याच्याकडे आईचा तेवढाच शब्द उरला होता, आणि तो त्याने आपल्या लेकीला दिला.

मी काही बोलायच्या आत ती हात पुसत उठली. "व्हिडिओ काढून घेतलाय मी. अण्णांना अजून दाखवला नव्हता, जरा बरं वाटू दे म्हटलं. आज तू आलीयेस तर दाखवते. त्यांना समाधान वाटेल."

"उत्तरा, थांब," मी म्हटलं खरं, पण ती तोवर निघालीही होती. मी खोलीत पोचेपर्यंत तिने फोन त्याच्या समोर धरला होता. आवाज बंद केलेला, त्याला त्रास नको म्हणून.

मी पाठीमागून पाहिलं. मैदानात वाळूचा चौकोन, त्यावर उघडे डबे. जयेश लांब दांडीने काहीतरी पेटवतोय. मग पिवळा भडका, इतका मोठा की सगळा पडदा पांढरा झाला. एक डबा, दुसरा डबा. काही क्षणांत खेळ खलास. कडेला उत्तरा तोंडावर ओढणी धरून उभी होती. एवढ्या वर्षांत अण्णाची घोडी पहिल्यांदा अशी एखाद्या पडद्यावर आली.

अण्णा शेवटपर्यंत बघत राहिला. उत्तरा म्हणाली, "तुम्ही म्हणालात तसंच केलं अण्णा. सगळं राख." त्याने फोनवरून नजर उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. ती त्याच्या मांडीवर डोकं टेकून रडली, आणि मग हलकी होऊन पोळ्या करायला गेली.

ती गेल्यावर मी फणफणत त्याच्यासमोर उभी राहिले. कुणावर चिडू तेच कळत नव्हतं. "तू जपून ठेव म्हणालास ना? राख म्हणालास ना रे आईसारखं?" त्याने डोळे मिटले आणि उघडले. हो. "मी सांगते तिला. कळायला नको?" तर त्याने डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. एवढंच. माझ्याकडे तसाच बघत राहिला, मी मान हलवेपर्यंत. मी हलवली. काय करणार होते? पोरीच्या जिवाला आयुष्यभराचा घोर लावून डबे परत येणार होते थोडेच?

त्यानंतर तो 'राख' म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. अक्षया भेटायला आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बिचारी घुटमळली आणि गेली. जाताना दारात मला म्हणाली, तो पायरीवरचा म्हातारा आता फक्त आपल्या फोटोत आहे, आणि तोही पुसट. मी तिला म्हटलं, हळू बोल बाई.

मी तिथेच मुक्काम ठोकला. मी, एवढी फटकळ तोंडाची बाई, दिवसचे दिवस जीभ चावून बसले. उत्तरा कधी कधी म्हणायची, "बरं झालं ना आत्या, त्यांच्या मनासारखं झालं." मी "हं" म्हणायची आणि भाजी निवडायला घ्यायची.

मग तो रविवार आला. दुपारची जेवणं चाललेली. चिंचगुळाची आमटी केली होती, अण्णाच्या आवडीची. अण्णाला खाटेवरच भरवून झालं होतं. त्याच्या खोलीचं दार उघडं, तिथून आमचं टेबल दिसायचं. जयेशने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, उत्तराने पातेलं तिरकं करून डाव घातला. तळाशी थोडीच उरली होती. रुचिता अजून क्लासहून यायची होती. आणि मी, बोलण्याच्या ओघात, बार्शीच्या अंगणातल्यासारखी बोलून गेले.

"अगं, सगळी नको वाढू. रुचितापुरती राख."

तिचा डाव हवेतच थांबला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. वाढ तू."

"नाही, काय म्हणालीस? रुचितापुरती काय?"

मी जयेशकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं. मेली माझी जीभ! मला खोटं सुचेना. "ठेव म्हटलं गं. थोडी ठेव तिला."

"ठेव नाही म्हणालीस." ती अगदी हळू बोलत होती. "राख म्हणालीस. राख म्हणजे ठेव?"

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं इतकं विरळ की त्यातच तिला उत्तर मिळालं असावं. तिने डाव पातेल्यात सोडला आणि उठून अण्णाच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. ती खाटेच्या कडेला बसली होती.

"अण्णा, तुम्ही मला राख म्हणालात. म्हणजे जपून ठेव म्हणालात?"

अण्णाने मान हलवली. नाही. दोन्ही बाजूंना, जोर लावून. नाही, नाही. आजारी पडल्यापासून त्याने एवढी हालचाल केली नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, मान चालूच.

उत्तराने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवला. बराच वेळ ती बघत राहिली. तिच्या हातांत त्याची मान अजून नाही म्हणत होती.

"बस अण्णा," ती म्हणाली. "दिसतंय मला."